खिडक्यांची उष्णतानिरोधन मूल्ये

घराच्या खिडकीतून उष्णता कोणत्या मार्गांनी व किती प्रमाणात आत येते अथवा बाहेर जाते, हे प्रमाणित कसोट्यांनी ठरवून अंकांत व्यक्त केलेली मूल्ये. त्यांत यू-मूल्य (उष्णता पारगमन गुणांक), सौर उष्णता लाभ गुणांक, दृश्य प्रकाश पारगम्यता आणि हवागळती ही चार मूल्ये मुख्य आहेत. खिडकी विकत घेणाऱ्यास अमुक खिडकी ‘ऊर्जा वाचविणारी’ आहे असे मोघमपणे सांगण्याऐवजी तिची तुलना दुसरीशी करता यावी, हा या मूल्यांचा हेतू असतो. मात्र ही चार मूल्ये चार वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. त्यांपैकी कोणत्या मूल्यास प्राधान्य द्यावयाचे हे स्थळाच्या हवामानावर अवलंबून असते. थंड प्रदेशात उत्तम ठरलेली खिडकी उष्ण प्रदेशात निरुपयोगी, प्रसंगी महाग व गैरसोयीचीही ठरू शकते.

इमारतीच्या बाह्य कवचात उष्णतेच्या दृष्टीने खिडकी ही सर्वांत दुबळी जागा होय. थंड देशांतील निरोधक द्रव्य भरलेल्या आधुनिक भिंतीचे यू-मूल्य सु. ०·२ ते ०·३ इतके असते, तर एकाच काचेच्या खिडकीचे ५ ते ६ असते. म्हणजे तेवढ्याच क्षेत्रफळाच्या भिंतीपेक्षा अशा खिडकीतून सु. वीस पट उष्णता वाहते. शिवाय भिंत अपारदर्शक असल्याने सूर्यप्रारण (सूर्यापासून तरंगरूपाने येणारी ऊर्जा) तिच्यातून सरळ आत येऊ शकत नाही. काचेतून मात्र ते तत्काळ आत येते. त्यामुळे खिडकीचे मूल्यमापन भिंतीप्रमाणे एकाच अंकाने करता येत नाही.

इतिहास : थंड प्रदेशांत खिडकीतून होणारा उष्णतेचा ऱ्हास रोखण्याचे प्रयत्न जुने आहेत. मध्य यूरोपात एकामागे एक अशा दोन स्वतंत्र झडपा असलेल्या पेटीवजा खिडक्या रूढ होत्या. हिवाळ्यापुरती बाहेरून जादा खिडकी बसविण्याची पद्धतही अनेक ठिकाणी होती. दोन काचांच्या कडा बंद करून त्यांच्यामध्ये हवेचा थर कोंडून ठेवण्याच्या कल्पनेचे एकस्व (पेटंट) अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत टॉमस स्टेटसन यांनी १८६५ मध्ये घेतले. परंतु अशा जोडकाचांचे औद्योगिक उत्पादन १९३० नंतरच्या दशकात सुरू झाले. इंग्लंडमधील पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केलेल्या प्रक्रियेत वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून सपाट तक्ते तयार करण्यात येऊ लागले. त्यामुळे मोठ्या आकाराची निर्दोष काच स्वस्त झाली [⟶ काच].

१९७३ च्या खनिज तेल संकटामुळे या विषयास निकड प्राप्त झाली. स्वीडनसारख्या देशांत तीन काचांच्या खिडक्यांचा प्रसार झाला. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९७६ पासून अल्प-उत्सर्जनी (उष्ण प्रारण फारच कमी बाहेर टाकणाऱ्या) लेपांसंबंधी संशोधनास पाठबळ मिळाले व असे लेप असलेल्या खिडक्या १९८० नंतरच्या दशकात बाजारात आल्या. खिडक्यांचे प्रकार वाढले तसे उत्पादकांचे परस्परविसंगत दावेही वाढले. त्यांना समान मापदंड लावण्यासाठी अमेरिकेत १९८९ मध्ये ‘नॅशनल फेनेस्ट्रेशन रेटिंग कौन्सिल’ ही संस्था स्थापन झाली. जर्मनीत डार्मश्टाट येथे १९९१ मध्ये पूर्ण झालेल्या पहिल्या ‘पॅसिव्ह हाउस’ या अत्यल्प-ऊर्जा निवासात क्रिप्टॉन वायू भरलेल्या तीन काचांच्या खिडक्या बसविण्यात आल्या. खिडकीसारखा दुबळा घटक सुधारला, तर तापनासाठी लागणारी ऊर्जा अगदी अल्प होऊ शकते, हे त्या घराने दाखवून दिले.

उष्णता वहनाचे मार्ग : खिडकीतून उष्णता चार मार्गांनी जाते. (१) संवहन : काच, चौकट व मधली हवा यांच्यातून उष्णता कणाकणाने पुढे सरकते. (२) अभिसरण : काचेजवळची हवा तापून वर चढते किंवा थंड होऊन खाली उतरते व त्यामुळे उष्णता वाहून नेली जाते. (३) प्रारण : उष्ण पृष्ठभाग थंड पृष्ठभागाकडे अवरक्त (दृश्य वर्णपटातील तांबड्या रंगापलीकडील) प्रारणाच्या रूपाने उष्णता टाकतो. (४) हवागळती : झडपा व चौकट यांच्यातील फटींतून प्रत्यक्ष हवाच आत-बाहेर जाते. यांशिवाय सूर्यप्रारणाचा मार्ग वेगळा आहे. सूर्यप्रारणाची तरंगलांबी मुख्यतः ०·३ ते २·५ मायक्रॉन असते व साध्या काचेस ते बऱ्याच अंशी पारदर्शक असते. याउलट खोलीतील वस्तू सामान्य तापमानास जे प्रारण टाकतात, त्याची तरंगलांबी बरीच जास्त असते आणि ते काचेतून आरपार जाऊ शकत नाही. काच ते शोषून घेते व तापते. उन्हात ठेवलेल्या बंद मोटारगाडीचा अंतर्भाग तापतो, त्यात या गुणधर्माचा वाटा असतो.

यू-मूल्य : आतील व बाहेरील तापमानांत एक अंशाचा फरक असताना खिडकीच्या एक चौ. मी. क्षेत्रातून दर सेकंदास जितकी उष्णता वाहते, तिला यू-मूल्य म्हणतात. त्याचे एकक वॉट प्रती चौ. मी. प्रती केल्व्हिन हे असून प्रस्तुत नोंदीतील सर्व यू-मूल्ये याच एककात दिली आहेत. यू-मूल्य जितके कमी, तितके निरोधन अधिक चांगले. त्याच्या व्यस्तास (१ भागिले यू) आर-मूल्य किंवा उष्णता रोध म्हणतात. साहजिकच ते जितके जास्त तितके चांगले. अमेरिकेत यू-मूल्य ब्रिटिश एककांत देतात. त्यास ५·६७८ ने गुणले असता वर दिलेल्या एककातील मूल्य मिळते. त्यामुळे अमेरिकी खिडकीवरील ०·३० हा आकडा १·७० बरोबर असतो, हे ध्यानात न घेतल्यास तुलना पूर्णपणे फसते.

काचेचा स्वतःचा उष्णता रोध किती क्षुल्लक असतो, हे पुढील गणितावरून दिसून येईल. काचेची उष्णता संवाहकता सु. १ वॉट प्रती मी. प्रती केल्व्हिन असल्याने ४ मिमी. जाड काचेचा रोध केवळ ०·००४ एकक भरतो. काचेच्या आतील पृष्ठभागालगतच्या हवेच्या पातळ थराचा रोध ०·१३ आणि बाहेरील थराचा ०·०४ धरतात. एकूण रोध ०·१७४ व त्यावरून यू-मूल्य सु. ५·७ येते. म्हणजे एकूण रोधापैकी जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास भाग काचेचा असतो व उरलेला तिला चिकटून असलेल्या हवेचा असतो. काच दुप्पट जाड केली, तरी यू-मूल्य ५·६ च्या खाली जात नाही. त्यामुळे जाड काच बसविल्याने खोली उबदार किंवा थंड राहते, ही समजूत चुकीची आहे. जाड काचेचा उपयोग मुख्यतः बळकटीसाठी होतो.

जोडकाचा, लेप व वायू : निरोधन वाढवावयाचे तर काचेऐवजी हवेची मदत घ्यावी लागते. दोन काचांमध्ये १२ ते १६ मिमी. अंतर ठेवून कडा बंद केल्यास मधली हवा बरीचशी स्थिर राहते व यू-मूल्य सु. २·८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर येते. अंतर याहून वाढवून फायदा होत नाही. कारण रुंद पोकळीत हवा फिरू लागते व अभिसरणाने उष्णता वाहून नेते. पोकळीतील आर्द्रता काचेवर जमू नये म्हणून कडेच्या पोकळ अंतरक पट्टीत जलशोषक द्रव्य भरलेले असते.

अशा जोडकाचेच्या पोकळीतून जी उष्णता जाते, तिच्यापैकी सु. दोन-तृतीयांश भाग प्रारणाने जातो. साध्या काचेची उत्सर्जनक्षमता सु. ०·८४ असते, म्हणजे आदर्श उत्सर्जकाच्या ८४ टक्के प्रारण ती टाकू शकते. तिच्यावर चांदीचे काही नॅनोमीटर जाडीचे थर असलेला लेप निर्वातात चढविल्यास ही क्षमता ०·०३ ते ०·०५ पर्यंत खाली येते. डोळ्यांना लेप जवळजवळ दिसत नाही. परंतु अवरक्त प्रारणाच्या दृष्टीने तो आरशासारखा असतो. पोकळीतील प्रारण अशा रीतीने जवळजवळ थांबल्यावर उरतो तो वायूचा प्रश्न. हवेची उष्णता संवाहकता १०° से. ला सु. ०·०२५ असते, आर्‌गॉनाची ०·०१७, तर क्रिप्टॉनाची ०·००९. म्हणून पोकळीत हवेऐवजी आर्‌गॉन भरतात. क्रिप्टॉन अधिक गुणकारी असला, तरी फार महाग पडतो. लेप व आर्‌गॉन या दोहोंमुळे जोडकाचेचे यू-मूल्य सु. १·१ व तीन काचांच्या संचाचे ०·५ ते ०·७ इतके कमी करता येते. चांदीचा लेप उघड्या हवेत खराब होत असल्याने तो पोकळीच्या बाजूसच ठेवावा लागतो. तापलेल्या काचेवरच चढविलेला टिन ऑक्साइडाचा लेप अधिक टिकाऊ असतो, पण त्याची उत्सर्जनक्षमता जास्त (सु. ०·१५ ते ०·२०) असते.

दोन काचांमध्ये केवळ ०·२ मिमी.च्या आसपास निर्वात अंतर ठेवून ते सूक्ष्म खुंट्यांनी तोलून धरण्याची पद्धत ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठात विकसित झाली व १९९६ मध्ये जपानमध्ये तिच्यावर आधारित व्यापारी उत्पादन सुरू झाले. निर्वातात संवहन व अभिसरण दोन्ही थांबत असल्याने अशी काच एकूण पातळ असूनही चांगले निरोधन करते. जुन्या इमारतींच्या अरुंद चौकटींत ती बसविता येते.

यू-मूल्याचा परिणाम केवळ इंधनाच्या खर्चावर होत नाही. बाहेर –१०° से. व खोलीत २०° से. तापमान असताना एकेरी काचेचा आतील पृष्ठभाग सु. –३° से. पर्यंत थंड होतो, साध्या जोडकाचेचा ९° से. च्या आसपास राहतो, तर १·१ यू-मूल्याच्या काचेचा सु. १६° से. असतो. २०° से. तापमानाच्या व ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू ९·३° से. आहे. म्हणून पहिल्या काचेवर हिम साचते, दुसरीवर पाणी जमू लागते आणि तिसरी कोरडी राहते. थंड काचेजवळ बसलेल्या माणसास खोलीतील हवा उबदार असूनही गारठा जाणवतो, कारण त्याच्या शरीराचे प्रारण काचेकडे जाते. पॅसिव्ह हाउसच्या मानकात मध्य यूरोपासाठी संपूर्ण खिडकीचे यू-मूल्य ०·८० किंवा त्याहून कमी असण्याची अट आहे, ती प्रामुख्याने या सुखावहतेच्या विचारातून आली आहे. याउलट उत्तम निरोधक खिडकीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर पहाटे दव दिसते. तो दोष नसून आतील ऊब बाहेरील काचेपर्यंत पोहोचत नसल्याची खूण असते.

चौकट व कडा : खिडकीच्या क्षेत्रफळाचा सु. एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश भाग चौकट व झडपांच्या पट्ट्या व्यापतात. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची उष्णता संवाहकता सु. १६०, पॉलिव्हिनिल क्लोराइडची ०·१७ व मऊ लाकडाची ०·१३ वॉट प्रती मी. प्रती केल्व्हिन आहे. म्हणून ॲल्युमिनियमच्या चौकटीचे आतील व बाहेरील भाग वेगळे करून ते पॉलिअमाइडासारख्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी जोडतात. या योजनेस उष्णता-खंड म्हणतात. काचेच्या कडेची धातूची अंतरक पट्टीही उष्णतेस सोपी वाट करून देते. तिच्याऐवजी प्लॅस्टिक अथवा पातळ पोलादी पट्टी वापरल्यास हा ऱ्हास कमी होतो.

संपूर्ण खिडकीचे यू-मूल्य काढताना काचेचे क्षेत्र व तिचे यू-मूल्य यांचा गुणाकार, चौकटीचे क्षेत्र व तिचे यू-मूल्य यांचा गुणाकार आणि काचेच्या परिघाची लांबी व कडेचा रेषीय गुणांक यांचा गुणाकार, अशा तिन्हींच्या बेरजेस एकूण क्षेत्राने भागतात. उदा., १·२३ मी. × १·४८ मी. आकाराच्या खिडकीत १·२७ चौ. मी. काच व ०·५५ चौ. मी. चौकट असून काचेचा परिघ ४·५४ मी. आहे, असे समजू. काचेचे यू-मूल्य १·१, लाकडी चौकटीचे १·८ व कडेचा गुणांक ०·०८ असल्यास संपूर्ण खिडकीचे यू-मूल्य १·५ येते. तीच काच उष्णता-खंड नसलेल्या व ७ यू-मूल्याच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसविल्यास (कडेचा गुणांक ०·०५ धरून) ते ३·० होते. विक्रेता काचेच्या मध्यभागाचे १·१ हे मूल्य सांगतो व ग्राहक ते खिडकीचे समजतो, अशी गल्लत सहज होऊ शकते. म्हणून ‘हे मूल्य काचेच्या मध्याचे की संपूर्ण खिडकीचे?’ हा पहिला प्रश्न असावा.

सौर उष्णता लाभ गुणांक : खिडकीवर पडणाऱ्या सूर्यप्रारणापैकी जो अंश उष्णतारूपाने आत येतो, त्यास सौर उष्णता लाभ गुणांक म्हणतात. यूरोपात यास जी-मूल्य असे नाव आहे. त्यात सरळ आत येणारे प्रारण आणि काचेने शोषून नंतर आत टाकलेली उष्णता या दोहोंचा समावेश होतो. हा गुणांक ० ते १ च्या दरम्यान असून ६ मिमी. साध्या काचेसाठी तो सु. ०·८२, साध्या जोडकाचेसाठी ०·७ ते ०·७६, तर सूर्यनियंत्रक लेपाच्या जोडकाचेसाठी ०·२५ ते ०·३० पर्यंत असू शकतो. यू-मूल्याप्रमाणे ‘कमी ते चांगले’ असा सरळ नियम येथे लागू पडत नाही. थंड प्रदेशात हिवाळ्यातील ऊन हे फुकट मिळणारे इंधन असते, तेथे हा गुणांक जास्त असणे हितावह. उष्ण प्रदेशात तो कमी असणे आवश्यक.

एकाच लेपाचे दोन परिणाम साधता येतात. जोडकाचेचे पृष्ठभाग बाहेरून आत १ ते ४ असे मोजतात. लेप तिसऱ्या पृष्ठभागावर असल्यास त्याने शोषलेली सौर उष्णता आतल्या काचेस मिळते व खोली तापण्यास मदत होते; तोच दुसऱ्या पृष्ठभागावर असल्यास ती उष्णता बाहेरच्या काचेतून बाहेर टाकली जाते. दोन्ही प्रसंगी यू-मूल्य तेच राहते, सौर गुणांक मात्र बदलतो. काच उलटी बसविल्यास अपेक्षित लाभ मिळत नाही तो यामुळेच.

दृश्य प्रकाश पारगम्यता व हवागळती : खिडकीतून दृश्य प्रकाशाचा जो अंश आत येतो, त्यास दृश्य प्रकाश पारगम्यता म्हणतात. गडद रंगाची काच उष्णता अडविते, पण उजेडही अडविते. मग दिवसा दिवे लावावे लागतात व ते पुन्हा उष्णता निर्माण करतात. सूर्यप्रारणाच्या ऊर्जेचा जवळजवळ निम्मा भाग अदृश्य अवरक्त प्रारणात असल्यामुळे तो भाग परावर्तित करून उजेड येऊ देणारा निवडक लेप बनविणे शक्य झाले आहे. प्रकाश पारगम्यतेस सौर गुणांकाने भागून येणारे गुणोत्तर जितके मोठे, तितकी काच उष्ण प्रदेशास अधिक अनुकूल.

हवागळती ठराविक दाबाखाली मोजतात. यूरोपीय मानकानुसार १०० पास्काल दाबाला दर चौ. मी. क्षेत्रातून ताशी ५०, २७, ९ व ३ घ. मी. या गळतीच्या मर्यादांवरून खिडक्यांचे अनुक्रमे पहिला ते चौथा असे वर्ग पाडतात; चौथा सर्वोत्तम होय. कडेवर रबरी पट्टी दाबून बंद होणाऱ्या बिजागरीच्या झडपा सामान्यतः सरकत्या झडपांपेक्षा कमी गळतात.

मूल्यांकन पद्धती : अमेरिकी पद्धतीत बाहेर –१८° से., आत २१° से. व वाऱ्याचा वेग सेकंदास ५·५ मी. धरून संपूर्ण खिडकीचे यू-मूल्य काढतात. यूरोपीय पद्धतीत काचेच्या गणनेसाठी १०° से. हे सरासरी तापमान व दोन काचांमध्ये १५ अंशांचा फरक गृहीत धरतात. त्यामुळे एकके बदलून घेतली तरी दोन पद्धतींचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. अमेरिकेतील ‘एनर्जी स्टार’ या योजनेच्या ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या निकषांत देशाचे चार हवामान विभाग केले आहेत. उत्तर विभागात यू-मूल्य सु. १·२५ पेक्षा अधिक असून चालत नाही, पण सौर गुणांक किमान ०·१७ असावा लागतो. दक्षिण विभागात यू-मूल्य सु. १·८ पर्यंत चालते, परंतु सौर गुणांक ०·२३ पेक्षा अधिक असता कामा नये. हवामानानुसार प्राधान्य कसे बदलते, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

ब्रिटनमधील खिडक्यांच्या वर्गीकरणात दोन्ही मूल्ये एका सूत्रात आणली आहेत : खिडकीच्या सौर गुणांकास २१८·६ ने गुणून त्यातून यू-मूल्य व गळतीचा अंक यांच्या बेरजेची ६८·५ पट वजा करतात. उत्तर हे दर चौ. मी. मागे वर्षाला मिळणारी किंवा गमावलेली ऊर्जा किलोवॉट-तासांत दर्शविते. गळती शून्य धरल्यास १·४ यू-मूल्य व ०·४५ सौर गुणांक असलेल्या खिडकीचा ताळेबंद +२·५ येतो, तर १·२ यू-मूल्य व ०·३० गुणांक असलेलीचा –१६·६ येतो. दुसरीचे यू-मूल्य चांगले असूनही पहिलीच त्या हवामानात सरस ठरते, कारण ती हिवाळ्यातील ऊन अधिक आत घेते. अर्थात हे सूत्र ब्रिटनमधील प्रातिनिधिक घरापुरतेच आहे. ते अन्यत्र लावता येत नाही.

भारतातील परिस्थिती : भारतात उष्ण-शुष्क, उष्ण-दमट, समशीतोष्ण, संमिश्र व शीत असे पाच हवामान विभाग मानतात. लडाख, हिमाचल प्रदेशाचा उंच भाग यांसारख्या शीत प्रदेशांत यू-मूल्याचे महत्त्व यूरोपाप्रमाणेच आहे. देशाच्या उरलेल्या बहुतेक भागात मात्र खरा शत्रू ऊन हा आहे. मुंबईतील पश्चिमाभिमुख खिडकीचे उदाहरण घेऊ. दुपारनंतर तिच्यावर दर चौ. मी. ला ६०० वॉट सूर्यप्रारण पडत आहे, बाहेर ३३° से. व वातानुकूलित खोलीत २५° से. तापमान आहे, असे समजू. केवळ काचेचा विचार केल्यास साध्या एकेरी काचेतून तापमानांतील फरकामुळे सु. ४६ वॉट व उन्हामुळे ४९२ वॉट, मिळून ५३८ वॉट उष्णता आत येते. साधी जोडकाच (यू-मूल्य २·८, सौर गुणांक ०·७२) बसविल्यास ही बेरीज ४५४ वॉट होते. परंतु ०·४० सौर गुणांकाची सूर्यनियंत्रक एकेरी काच बसविल्यास ती २८६ वॉटवर येते. केवळ ‘दोन काचा’ या शब्दांवर भुलून केलेला खर्च उष्ण प्रदेशात कसा वाया जातो, हे यावरून दिसते.

भारत सरकारने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या ‘इको निवास संहिता’ या निवासी इमारतींच्या ऊर्जा संधारण संहितेत हाच विचार आढळतो. तीमध्ये शीत प्रदेश वगळता अन्यत्र छताखेरीज उर्वरित बाह्य कवचातून येणाऱ्या उष्णतेचे सरासरी मूल्य दर चौ. मी. ला १५ वॉटपर्यंत मर्यादित केले आहे. या मूल्याच्या सूत्रात उष्ण-दमट विभागासाठी खिडकीच्या यू-मूल्यास १·३१ ने, तर सौर गुणांकास ६५·२१ ने गुणतात. त्यामुळे यू-मूल्य ५·८ वरून २·८ वर आणल्याने ३·९ एककांची बचत होते. सौर गुणांक ०·८२ वरून ०·४० वर आणल्याने २७·४ एककांची होते (दोन्ही आकड्यांस पुढे खिडकीची दिशा व क्षेत्रफळ यांनुसार गुणावे लागते). विशेष म्हणजे येथील सौर गुणांक काचेचा एकट्याचा नसून छज्जा व बाजूचे आडोसे यांचा परिणाम धरून काढलेला असतो.

छज्जाचे महत्त्व यामुळे गणिताने सिद्ध होते. बाहेरचा आडोसा ऊन काचेवर पडण्यापूर्वीच अडवितो, तर आतील पडदा काचेतून आलेले ऊन शोषून घेतो व त्यातील बरीच उष्णता खोलीतच राहते. दक्षिणेकडून येणारे ऊन उंचावरून येत असल्याने तेथे छज्जा पुरतो; पूर्व-पश्चिमेचे तिरपे ऊन अडविण्यास उभे आडोसे किंवा लाकडी पट्ट्यांच्या झडपा लागतात. मुंबईतील जुन्या घरांच्या झिलमिलीच्या झडपा वाऱ्यास वाट देऊन ऊन बाहेर ठेवीत. गोव्यातील जुन्या घरांत शिंपल्यांच्या अर्धपारदर्शक तावदानांच्या खिडक्या असत. त्यांतून मवाळ उजेड आत येई. यू-मूल्याच्या कसोटीवर यांना स्थान नसले, तरी स्थानिक हवामानास त्या अनुरूप होत्या.

ज्या घरात वातानुकूलन नाही व खिडक्या बहुधा उघड्या असतात, तेथे आत-बाहेरच्या तापमानांत फारसा फरक नसतो. म्हणून यू-मूल्याला फारसा अर्थ उरत नाही. अशा घरात सावली व वारा यांना महत्त्व असते. उपर्युक्त संहितेत उष्ण-दमट विभागासाठी उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र चटई क्षेत्राच्या किमान १६·६६ टक्के असावे, असे म्हटले आहे.

मर्यादा : प्रमाणित मूल्ये ही ठराविक आकाराच्या, उभ्या व नव्या खिडकीची असतात. तीच खिडकी उतरत्या छपरात बसविल्यास पोकळीतील अभिसरण वाढून यू-मूल्य वाढते. कडेचे बंद कालांतराने सैल होतात व आर्‌गॉन हळूहळू गळतो; चांगल्या प्रतीच्या जोडकाचेत ही गळती वर्षाला एक टक्क्यापेक्षा कमी असावी, अशी यूरोपीय मानकाची अपेक्षा आहे. पोकळीत धुके दिसू लागल्यास बंद निकामी झाल्याचे समजावे. असा संच दुरुस्त करण्याऐवजी बहुधा बदलावाच लागतो. भिंत व चौकट यांच्यामधील जागा नीट न भरल्यास उत्कृष्ट खिडकीचाही लाभ मिळत नाही आणि ही त्रुटी खिडकीवरील चिठ्ठीत कोठेही दिसत नाही.

सारांश, खिडकीची निवड करताना आकडा संपूर्ण खिडकीचा आहे की नाही, तो कोणत्या एककात व कोणत्या पद्धतीने काढला आहे, स्थळास यू-मूल्य महत्त्वाचे की सौर गुणांक आणि उजेड व वारा यांचा बळी तर दिला जात नाही ना, या गोष्टी क्रमाने पाहाव्या लागतात. शीत प्रदेशात आतील ऊब राखणे व उष्ण प्रदेशात बाहेरचे ऊन अडविणे ही दोन वेगळी कामे आहेत. उष्ण प्रदेशात पुष्कळदा दुसऱ्या काचेपेक्षा बाहेरचा छज्जा अधिक परिणामकारक व कमी खर्चाचा ठरतो.